मीटर आणि फ्लॅट यांच्या मधली वायर कोणाची?

आगीचे नियम बदला, जरूर बदला. पण त्याआधी मुंबईतल्या कुठल्याही वीस-पंचवीस वर्षं जुन्या टॉवरच्या सातव्या मजल्यावर जा आणि लिफ्टशेजारचं ते अरुंद दार उघडा. भिंतीच्याच रंगात रंगवलेलं असतं, त्यामुळे रोज येणाऱ्या-जाणाऱ्यांचंही त्याच्याकडे लक्ष जात नाही. कुलूप नसेल तर बरं. असलं की किल्ली सेक्रेटरींकडे आणि सेक्रेटरी मुलीकडे पुण्याला. आत काय असतं? केरसुणी, पोछा, फिनेलचा कॅन, कोणाची तरी महिनाभराची रद्दी, उरलेल्या रंगाचे डबे आणि थर्माकोलचं मखर. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, पण ती या विजेच्या डक्टपर्यंत पोचलेली दिसत नाही. एकदा ते मखर बाहेर काढायला सांगितलं, तर समोरच्या घरातल्या ताई म्हणाल्या, "दादा, तेवढं राहू द्या हो, दरवर्षी लागतं."

या सामानाच्या मागे, भिंतीला धरून, तळमजल्यावरच्या मीटर रूममधून घराघरांकडे जाणाऱ्या वायरी असतात. मी विजेच्या कामांचा परवानाधारक ठेकेदार. वायरमन म्हणून सुरुवात केली, पुढे सुपरवायझरचा परवाना काढला, आणि सगळी उमर उपनगरांतल्या सोसायट्यांच्या मीटर रूममध्ये गेली. इमारतींच्या आगीबद्दल वर्तमानपत्रात लिहिणारे बहुतेक जण आर्किटेक्ट असतात, नाहीतर निवृत्त अधिकारी. त्यांना इमारत नकाशातून दिसते. मला ती या दारातून दिसते, म्हणून माझी तक्रारही थोडी वेगळी आहे.

मोठी आग लागली की आपल्याकडे नियमांची चर्चा सुरू होते. २९ डिसेंबर २०१७च्या मध्यरात्री कमला मिल्समध्ये १४ जण गेले, तेव्हा सगळं शहर गच्चीवरच्या हॉटेलांबद्दल बोलत होतं. जानेवारी २०२२ मध्ये ताडदेवला टॉवर पेटला, तेव्हा उंच इमारतींबद्दल बोलू लागलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये गोरेगावला झोपडपट्टी पुनर्वसनातल्या इमारतीत पहाटे सात जणांचा जीव गेला, तेव्हा पुनर्वसनाच्या इमारतींची पाळी आली. काही मसुदे निघतात, काही कागदावरच राहतात. २६/११च्या हल्ल्यानंतर २००९ मध्ये राज्य सरकारनं आगीच्या सुरक्षेच्या विशेष नियमांचा मसुदा काढला होता. तो अजून अंतिम का केला नाही, हे उच्च न्यायालयाला २०२२ मध्ये विचारावं लागलं. तेरा वर्षांत या शहरात किती टॉवर उभे राहिले ते मोजायला माझ्याकडे आकडा नाही, पण मीटर रूमच्या किल्ल्यांचा जुडगा मात्र चांगलाच जड झाला.

आणि या चर्चांमध्ये मागणी कशाची असते? जास्त स्प्रिंकलर, मोठा पंप, मोठी टाकी, रुंद जिना, आगीच्या वेळी वापरायची वेगळी लिफ्ट, रेफ्यूज एरिया मोकळा हवा. यातलं काहीच चूक नाही. फक्त हे सगळं आग लागल्यानंतर कामाला येणारं आहे. मुंबई अग्निशमन दलाचे अधिकारी मात्र वर्षानुवर्षं एकच गोष्ट सांगत आलेत, की शहरातल्या बहुतेक आगींचं मूळ विजेत असतं. मूळ जिथे आहे तिथलं प्रकरण नियमांच्या चर्चेत एका परिच्छेदात उरकतं, आणि पाण्याच्या टाकीवर चार पानं होतात.

विजेच्या डक्टबद्दल नियमच नाही, असं मात्र कोणी समजू नये. २०१६च्या राष्ट्रीय इमारत संहितेचा चौथा भाग आगीवरच आहे. त्यात स्पष्ट म्हटलंय, विजेच्या केबलींसाठी वेगळा डक्ट हवा आणि प्रत्येक मजल्याच्या स्लॅबपाशी तो आग अडवणाऱ्या मसाल्यानं बंद केलेला हवा, जेवढा वेळ स्लॅब आगीला टिकेल तेवढाच वेळ ते बूचही टिकलं पाहिजे. ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, घेताना बिल्डर हे करतोही. कधी खरा मसाला भरतो, कधी सिमेंट आणि फोम कोंबतो, पण भोक बंद दिसतं.

मग लोक राहायला येतात. आठ महिन्यांनी इंटरनेटवाला येतो आणि हॅमर ड्रिलनं त्या बुचातून हात जाईल एवढं भोक पाडतो. पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीचा येतो, तो शेजारी दुसरं पाडतो. डिशवाला येतो, सीसीटीव्हीवाला येतो, इंटरकॉमवाला येतो. पाडलेलं भोक बुजवायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं, आणि सोसायटी त्यांच्याकडून तसं लिहूनही घेत नाही. दहा वर्षांनी सातव्या मजल्यावर उभं राहून टॉर्च वर मारला, तर चौदाव्या मजल्याच्या दाराच्या फटीतून येणारा उजेड दिसतो. खाली मारला तर मीटर रूम. इमारतीच्या मधोमध, प्रत्येक मजल्यावर दार असलेलं एक धुराडं आपण बांधून ठेवतो आणि त्यात रद्दी साठवतो.

वायरीवरचं पीव्हीसी जळतं तेव्हा ज्वाळा फार मोठी नसते. धूर असतो, काळा, घशाला चावणारा. त्यात हायड्रोजन क्लोराइड असतं, ते ओल्या डोळ्यांत आणि फुप्फुसात गेलं की आम्लच. दोन-तीन मिनिटांत जिना दिसेनासा होतो. गोरेगावच्या इमारतीत आग खालच्या मजल्यावर पेटली होती; वरचे लोक झोपेत होते आणि धूर त्यांच्यापर्यंत चालत गेला. इमारतीच्या आगीत माणसं बहुतेक वेळा भाजून मरत नाहीत, गुदमरून मरतात. म्हणून मला पंपापेक्षा त्या भोकाची काळजी जास्त वाटते.

आता आग मुळात लागते कशी, तेही सांगतो, कारण "शॉर्ट सर्किट" हा शब्द बातमीत एवढ्या वेळा छापून येतो की त्याचा अर्थच झिजलाय. खरं शॉर्ट सर्किट झालं तर एमसीबी, म्हणजे आपोआप वीज तोडणारा स्विच, पडतो, आणि बहुतेक वेळा गोष्ट तिथेच संपते. घात करतो तो सैल सांधा. वायरीच्या टोकाचा लग नीट दाबलेला नसतो, किंवा तांब्याची वायर ॲल्युमिनियमच्या वायरीला नुसती पीळ मारून वर टेप गुंडाळलेली असते. ॲल्युमिनियमवर पापुद्रा धरतो, सांध्याचा रोध वाढतो, सांधा तापतो. करंट ठरल्या मर्यादेतच असतो, त्यामुळे एमसीबीला काही चुकतंय असं वाटतच नाही. सांधा रोज रात्री तापतो, सकाळी निवतो, आणि प्रत्येक वेळी थोडा आणखी सैल होतो. महिनोन् महिने हे चालतं. टेप आधी तपकिरी होते, मग काळी, मग एका मे महिन्यात रात्री साडेअकराला ती पेट घेते.

रात्री साडेअकरा हे उगीच म्हणत नाही. नव्वदच्या दशकात बांधलेल्या दोन खोल्यांच्या घराची वायरिंग करताना आम्ही पंखे, ट्यूबलाइट, फ्रिज, मिक्सर आणि एक गिझर एवढा हिशेब धरायचो. एसी असणारं घर मजल्यावर एखादं. आज त्याच घरात दोन-तीन एसी आहेत. दीड टनाचा एक एसी सात-आठ ॲम्पिअर ओढतो. वर इंडक्शन शेगडी, मायक्रोवेव्ह, वॉशिंग मशिन. घरातली वायरिंग लोक नूतनीकरणात बदलतात, छान तांब्याची नवी वायर टाकतात, वर महागाचे स्विच बसवतात. मीटरपासून दारापर्यंतची जुनी वायर मात्र तशीच राहते, कारण ती घराबाहेर आहे आणि इंटीरियरवाल्याच्या कोटेशनमध्ये नाही. घरातले स्विच दोन लाखांचे, आणि त्यांना पोसणारी वायर मी स्वतः तीस वर्षांपूर्वी ओढलेली, असंही मी पाहिलंय.

ही वायर कोणाची, हा माझा मुख्य प्रश्न आहे. वीज कंपनी म्हणते, आमची जबाबदारी मीटरपर्यंत. फ्लॅटवाला म्हणतो, माझी जबाबदारी माझ्या दाराच्या आत. अग्निशमन दल पंप बघतं, होज बघतं, स्प्रिंकलर आणि अलार्म बघतं. महापालिकेचा इमारत प्रस्ताव विभाग ओसीच्या दिवशी फाइल बंद करतो. राज्याचे विद्युत निरीक्षक आहेत, पण ते सुरुवातीच्या तपासणीला येतात. नंतरची नियतकालिक तपासणी घरगुती जोडण्यांसाठी मालकाच्या स्वयंप्रमाणनावर सोडलेली आहे. आणि सोसायटीत "मालक" कोण? कमिटी. कमिटीतल्या कोणाला आपण असं काही प्रमाणित करायचं असतं हे ठाऊक असेल, तर त्या माणसाला भेटायची माझी इच्छा आहे.

तुम्ही म्हणाल, फॉर्म बी आहे ना? आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६चा, त्याची अंमलबजावणी २००८ पासून. कायदा चांगला आहे. मालक किंवा भोगवटादारानं दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा तपासून दाखला द्यायचा, असं त्यात आहे, आणि सगळी जबाबदारी इमारतीत राहणाऱ्यांवर स्पष्टपणे टाकलेली आहे. पण तो दाखला आग विझवण्याच्या यंत्रणेचा आहे. पंप चालू, होज जागेवर, सिलिंडर भरलेले. डक्टमधली वायर तापते का, हा प्रश्न त्या कागदावर कोणी विचारत नाही. शिवाय दाखला देणारी एजन्सी बहुतेक वेळा तीच असते जिनं सिलिंडर विकले आणि जी ते भरून देते. तिचे पैसे सोसायटी देते. कडक शेरा मारला तर पुढच्या वर्षी दुसरी एजन्सी येते. या व्यवहारात कोणी बदमाश असावं लागत नाही. सगळे सज्जन असूनही कागद खोटा निघू शकतो.

तपासणी झाली तरी ती कशी होते, हे एकदा बघण्यासारखं आहे. ऑडिटवाला सकाळी अकराला येतो. घरं रिकामी, एसी बंद, लिफ्ट निवांत. तेव्हा सगळे सांधे थंडगार. थर्मल कॅमेरा त्या वेळी मीटर रूमवर धरून काय दिसणार? तो कॅमेरा मे महिन्यात रात्री दहा ते बाराच्या मध्ये धरायचा असतो. मग सत्तर मीटरांच्या पॅनेलवर दोन-तीन ठिपके बाकीच्यांपेक्षा पांढरे दिसतात, आणि नेमके तेच सांधे उद्या उघडायचे असतात. पण रात्री दहाला ऑडिट करायला कोणी येत नाही, कारण दाखल्यावर वेळ लिहायचा रकानाच नाही.

आपल्याकडे ऑडिट या शब्दावर फार विश्वास आहे. ९ जानेवारी २०२१ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बाळं गेली, तेव्हा राज्यभरातल्या रुग्णालयांच्या आगीच्या आणि विजेच्या ऑडिटचे आदेश निघाले. त्याच वर्षी मार्चमध्ये भांडुपला मॉलमधलं रुग्णालय जळलं. एप्रिलमध्ये विरारला अतिदक्षता विभागात आग लागली. ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागातले अकरा रुग्ण गेले. पहिल्या आदेशापासून जेमतेम दहा महिने. या दहा महिन्यांत ऑडिट झाली नाहीत असं मी म्हणत नाही. झाली असतील. अहवालातल्या शेऱ्यानंतर पॅनेल उघडून सांधा बदलायचा असतो, ते काम कोणाच्या नावावर होतं ते सांगा.

म्हणून मुंबईचे आगीचे नियम पुढच्या वेळी लिहायला बसतील त्यांना माझं सांगणं आहे, की नव्या टॉवरचं बघाच, पण उभ्या असलेल्या इमारतीतल्या डक्टला कायद्यात जागा द्या. फॉर्म बीला विजेचं एक पान जोडा. त्यावर सही सिलिंडर विकणाऱ्याची नको, परवानाधारक विद्युत ठेकेदाराची हवी, आणि तोही त्या इमारतीत दुसरं काम न करणारा. त्यात तपासणीची तारीख आणि वेळ, त्या वेळचा भार आणि सर्वात तापलेल्या तीन सांध्यांचं तापमान एवढं लिहिलेलं असू द्या. आकडा लिहिला की माणूस जपून लिहितो. नुसतं "समाधानकारक" लिहायला काही लागत नाही. हे पान लिफ्टशेजारी काचेत लावा. आज फॉर्म बी सेक्रेटरींच्या कपाटात असतो. चौथ्या मजल्यावरच्या भाडेकरूला तो मागायचा कसा, हेही माहीत नसतं.

आणि भोक पाडणाऱ्याकडून भोक बुजवून घ्या. रस्ता खोदणाऱ्या कंपन्यांकडून महापालिका रस्ता पूर्ववत करण्याचे पैसे आधी घेते. डक्टमध्ये ड्रिल लावणाऱ्या इंटरनेट कंपनीला तोच न्याय का नको? सोसायटीनं अनामत घ्यावी आणि बूच पाहिल्यावर परत द्यावी. त्याला महापालिकेचा नियम पाठीशी असला की वॉचमनलाही "साहेब, आधी कागद दाखवा" म्हणायला बळ येतं.

पार्किंगचंही लिहायला हवं. केंद्राच्या आदर्श इमारत उपविधींत २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार नव्या इमारतींत २० टक्के पार्किंग विजेच्या गाड्यांसाठी सज्ज असायला हवं. छान. जुन्या इमारतींत मात्र लोक मीटर रूमच्या सॉकेटमधून पिवळी एक्स्टेंशन वायर काढतात आणि रात्रभर स्कूटर लावून ठेवतात. हे बंद करा म्हणण्यात अर्थ नाही, गाड्या येणारच. त्यांना स्वतंत्र सर्किट, स्वतंत्र आरसीसीबी आणि मीटर रूमपासून दूर जागा द्या, एवढंच.

खर्चाचा मुद्दा निघेल, सर्वसाधारण सभेत तर निघतोच. "इतकी वर्षं काही झालं नाही ना?" असं विचारणारे काका प्रत्येक सोसायटीत असतात. चौदा मजल्यांचे सांधे घट्ट करणं, सामान बाहेर काढणं आणि भोकं बुजवणं यांचा खर्च इमारतीला बाहेरून रंग काढण्याच्या तुलनेत किरकोळ आहे. सबमेन, म्हणजे मीटरपासून दारापर्यंतची वायर, बदलायची तर पैसे लागतात, ते खरं आहे. त्याला तीन वर्षांची मुदत द्या, टप्प्यानं करू द्या. रंगासाठी वर्गणी काढणारी सोसायटी वायरीसाठीही काढू शकते. दिसणाऱ्या गोष्टीला आपण पटकन पैसे देतो.

हा हिशेब जुन्या मुंबईत मात्र कोसळतो, हेही कबूल करायला हवं. गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर, लालबाग. उपकरप्राप्त इमारती अजून हजारोंनी उभ्या आहेत. तिथे डक्ट नाहीच. मीटर बोर्ड जिन्याखाली, आणि जिना लाकडी. उतरायचा रस्ता तोच एक. मे २०१५ मध्ये काळबादेवीच्या गोकुळ निवासमध्ये अग्निशमन दलाचे चार अधिकारी आपण गमावले, त्यात दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर होते. लाकडाची जुनी इमारत आतून कोसळली. अशा इमारतीत स्प्रिंकलर लावायचे नियम करणं म्हणजे कागद वाया घालवणं. टाकी ठेवायला गच्ची त्या वजनाची नाही, आणि भाडं एवढं जुनं आहे की मालक बल्बही बदलत नाही.

पण मीटर बोर्ड लाकडी जिन्याखालून काढून बाहेरच्या भिंतीला, लोखंडी पेटीत हलवता येतो. आम्ही काही चाळींत हलवलाय. काम मोठं नाही. अडतं ते अर्जावर: वीज कंपनीला इमारतीच्या सामाईक भागात हात लावायला मालकाची संमती हवी असते, मालकाला इमारत रिकामी व्हायला हवी असते, म्हणून तो वर्षानुवर्षं पत्राला उत्तर देत नाही. भाडेकरू पैसे जमवून बसलेले असतात. नव्या नियमांत यासाठी एकच कलम पुरेल. मीटर जिन्याखालून हलवायचा असेल, तर भाडेकरूंच्या अर्जावर अग्निशमन दलाची शिफारस पुरेशी धरावी आणि मालकाची सही लागू नये.